आत्याचे निळे स्फटिक

कोशित्से,
९ फेब्रुवारी २००४

ती. ओटिलिया आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन कानाला लावत नाहीस, म्हणून हे पत्र. मी पुरती वैतागले आहे. तुझ्या निळ्या स्फटिकांवर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. त्यातला तांब्याचा प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक, आणि हे चुंबक एकापुढे एक जोडलेले, साखळीसारखे. अशी सुटी साखळी कितीही गार केली तरी तिच्यातले चुंबक शिस्तीत उभे राहत नाहीत, शेवटपर्यंत चुळबुळत राहतात. तीन वर्षं मी हेच धरून चालले. आणि आता शून्याखाली दोनशे बहात्तर अंशांवर आलेखात टोक येतंय! म्हणजे ते मुकाट रांगेत उभे राहतायत. तीनदा मोजलं, तीनदा टोक.

माझे मार्गदर्शक हुदाक म्हणतात, माल अशुद्ध आहे, म्हातारीकडून नवा मागव. शब्द त्यांचे. जूनमध्ये प्रबंध द्यायचाय. पाठवशील ना?

बाबांचा गुडघा सुधारलाय, स्वभाव नाही.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझी डोरोटा

लेवोचा,
१६ फेब्रुवारी

चि. डोरोटास,
अ. उ. आ.

अशुद्ध? हुदाकला म्हणावं, विद्यार्थी असताना तू माझी काचेची भांडी फोडायचास, तेव्हाही दोष भांड्यांचाच असायचा. तीस वर्षं प्रयोगशाळेत मी हेच स्फटिक वाढवायचं काम केलं आणि आता कोठीच्या खोलीत, मुरंब्यापासून चार हात लांब करते. स्फटिक वाढेस्तोवर, सहा आठवडे, त्या खोलीचं दार आपटायचं नाही. मांजरालासुद्धा कळतं.

एक खेप तयार होती, ती कापसात गुंडाळून बसने पाठवतेय. या स्फटिकांत पाणी गुंतलेलं असतं, जपून हाताळ. आणि जेवत जा. तुझा बाप लिहितो की तू नुसत्या पावावर जगतेस.

माया आहेच, ती आटवू नकोस.
आत्या

कोशित्से,
३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

ओरड, पण शेवटपर्यंत वाच. घाईत मी स्फटिक गार करण्याआधीच पंप लावून हवा ओढली. त्यांतलं पाणीही ओढलं गेलं. बाहेर काढले तर निळ्याचा खडूसारखा भुगा! जिन्यात बसून रडले.

अर्धे उरले होते. त्यांना ग्रीसचा लेप दिला, आधी गार केले, मगच पंप लावला. पुन्हा तेच टोक, त्याच जागी. म्हणजे तुझा माल चोख आहे. मग चूक कुठे आहे? हुदाक आता माझ्या तापमापकावर घसरलेत.

तुझी (भुगा झालेली)
डोरोटा

लेवोचा,
१४ मार्च

चि. डोरोटास,
आशीर्वाद.

एक गोष्ट आजवर एकाच माणसाला सांगितली होती. हे स्फटिक कधी सुईसारखे वाढत नाहीत. पातळ पापुद्रेच होतात. साखळीचे पापुद्रे कसे होतील? १९८१ साली प्राध्यापक लिश्का या साखळीवर निबंध लिहीत होते, तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की, मधलं पाणी शेजारच्या साखळ्यांना आडवं धरून ठेवत असणार. ते हसले. म्हणाले, बाईंनी भांडी घासावीत, विचार आम्ही करू. मी गप्प बसले. तेच आजवर मला डाचतंय.

आता जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजनच्या पाण्यात, एक खेप लावते. पाण्यातूनच चुंबकांचा धागा जात असेल, तर पाणी बदलल्यावर तुझं टोक सरकायला हवं. सहा आठवडे कळ काढ.

आत्या

कोशित्से,
१७ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

सरकलं! केसभरच, पण पाचही वेळा. साखळीऐवजी सपाट जाळीचं गणित मांडलं, तर आलेख त्यावर बरोबर बसला. लिश्कांची साखळी साखळी नव्हतीच.

आनंद मात्र होत नाहीये. तीन प्रकरणं फाडून टाकायचीत, जूनचा प्रबंध डिसेंबरात गेला. शिवाय या शोधाचा लेख लिहिला, त्यावर मी तुझं नाव घातलं, तर हुदाकांनी खोडलं. म्हणे, स्फटिक करणाऱ्या बाईंचं नाव आभारात घालायचं असतं. मी भांडले, हरले. तू म्हणशील, जाऊ दे.

थकलेली
डोरोटा

लेवोचा,
२३ मे

चि. डोरोटास,
आशीर्वाद.

मी तसं म्हणणार नाही. लिश्कांचा तो निबंध टंकलेखन यंत्रावर मीच उतरवला होता. सतरा पानांत माझं नाव एकदाही टंकावं लागलं नाही. मला नाव हवंय. आभारात नको, वर, तुझ्या शेजारी.

मंगळवारी सकाळच्या बसने येतेय. हुदाकला सांगू नकोस.

आत्या

कोशित्से,
२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

काल लेख नियतकालिकाकडे गेला. ओटिलिया श्वेत्सोवा, दुसरं नाव. हुदाकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि स्वतःचं खाली सरकवलं.

लिश्कांची ती सतरा पानं घेऊन तू हुदाकांच्या खोलीत गेलीस आणि दार लावून घेतलंस. त्यांना नेमकं काय म्हणालीस? ते काही केल्या सांगत नाहीत.

उलट टपाली कळव.
तुझी डोरोटा