डेल्बर्टवरचा सिनेमा

कॅन्सस
४ मार्च १९९३

प्रिय व्हर्ना हिस,
लोरीनचा स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डेल्बर्टवर सिनेमा? अगं, तो गेला, लोक विसरले, तेव्हा कुठे मला सुखाची झोप लागू लागली. त्याने काढलेल्या त्या रबरी खेकड्यांच्या सिनेमाला अख्खा देश हसला होता. तो माझा सख्खा भाऊ, हे आम्हा नवरा-बायकोखेरीज या गावात कुणालाही ठाऊक नाही. हॅरल्ड चर्चमध्ये प्रवचन देतात तेव्हा समोर सगळं गाव असतं. उद्या बभ्रा झाला तर? त्याचं पिणं दाखवतील, घरमालकाने सामान रस्त्यावर टाकलं तेही दाखवतील. दाराशी गाडी थांबली तरी मी खिडकीआडून बघते. तू हट्टी आहेसच, पण हात जोडते, त्या सिनेमावाल्यांना नाही म्हण.

गुडघ्यांना जप. माझ्या भित्रेपणासकट लोभ असू दे.
तुझी, लोरीन


बरबँक, कॅलिफोर्निया
२० ऑक्टोबर १९९४

प्रिय लोरीन,
रागावलेल्या नणंदेस स. न. वि. वि.

इतके महिने तू अबोला धरलास, तरी मी लिहितेच आहे. मी होकार का दिला, ते तरी ऐक. तो पोरगेला दिग्दर्शक आला आणि पिण्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. विचारलं काय, तर ते खेकडे हलायचे कसे! मी सांगितलं, रबराच्या आत डेल्बर्टच असायचा, ऐन जानेवारीत, समुद्रात. ओठ निळे घेऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, झकास झालं, पुन्हा एकदा करू. ते ऐकून त्या पोराचे डोळे भरले. मग नाही कसं म्हणू?

पण नंतर मलाही भीतीने घेरलं. काल पहिला खेळ होता. पळता यावं म्हणून मी दाराजवळची खुर्ची धरली. पडद्यावर डेल्बर्ट आला आणि लोक खो-खो हसले. मी उठलेच. तेवढ्यात बरोबरची सगळी माणसं माघारी गेल्यावर तो एकटाच पाण्यात कॅमेरा धरून उभा राहतो, तो प्रसंग आला. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी परत बसले.

खोटं सांगत नाही, पिणंही आहे, रस्त्यावरचं सामानही आहे. पुढच्या आठवड्यात सिनेमा तुमच्याकडे लागेल. धीर होत नसेल तर जाऊ नकोस. माया मात्र पातळ करू नकोस.
तुझी, व्हर्ना


कॅन्सस
२ नोव्हेंबर १९९४

प्रिय व्हर्ना,
स. न. वि. वि.

गेले होते. डोक्याला रुमाल बांधून, चोरासारखी. नेमक्या पुढच्याच रांगेत आमच्या चर्चमध्ये गाणाऱ्या प्रिचर्डबाई! मी रुमाल आणखी पुढे ओढला. आणि मग पडद्यावर आमचं धान्याचं कोठार, त्याच्या भिंतीवर सावल्यांचे खेळ करणारा लहानगा डेल्बर्ट, आणि त्याच्यासाठी कंदील उंच धरून उभी असलेली एक मुलगी. हात भरून आले तरी खाली न घेणारी. हे तूच सांगितलंस ना? म्हणजे तो तुझ्यापाशी माझ्याबद्दल बोलायचा.

बाहेर पडताना प्रिचर्डबाई डोळे पुसत म्हणाल्या की, असा माणूस खरंच होऊन गेला असेल का हो? पळून जावंसं वाटलं. तरी म्हणाले, होता, माझा धाकटा भाऊ. कंदील मीच धरला होता. त्यांनी माझा हात घट्ट धरला. आता गावभर होईल. अजून भीती वाटतेच.

व्हर्ना, त्याने स्वतः काढलेला एकही सिनेमा मी आजवर पाहिलेला नाही. जो हाताशी असेल तो पाठव.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
डेल्बर्टची बहीण, लोरीन