वाचायला आलेली एकेचाळीस माणसे

पोंभुर्णा, ता. ११ एप्रिल १९५६

चि. नथ्थूस मनसारामदादाचे अनेक आशीर्वाद. काकू गुडघा सोडून ठणठणीत आहे. विलायतेच्या थंडीत तुझे कान कसे आहेत ते कळव.

तू तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे वर्णन लिहिलेस : तीन लाख पुस्तके, भिंतीला गरम पाण्याचे नळ, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि शेवटी, आपले वाचनालय आठवून हसू येते म्हणे. हास बाबा. आमच्याकडे एकशे नव्वद पुस्तके आहेत (पैकी अकरा वाळवीने माझ्याआधी वाचली). शांतता मात्र मी ठेवत नाही. मी मोठ्याने वाचतो आणि बाकीचे मध्ये मध्ये बोलतात. धुरपताबाई तर लेखकालाच चार गोष्टी सुनावते. आमच्याकडे शांतता झाली की समजावे, कोणी आलेले नाही.

आता ऐक. महिन्याला दोनशे वाचक भरले नाहीत तर वाचनालय बंद आणि कपाट चांद्याच्या जिल्हा कचेरीत जमा, असा हुकूम आहे. येणाऱ्याचे नाव आणि येण्याचे कारण मी वहीत लिहितो. मार्चमध्ये अर्धा गाव मोहफुले वेचायला रानात, त्यामुळे आकडा एकशे बासष्टवर अडला. तशात एके सकाळी मोहफुले खाऊन तर्र झालेले अस्वल गावात शिरले. धड कडी लागणारा दरवाजा वाचनालयाचाच, म्हणून एकेचाळीस माणसे आत घुसली. मी नियमाप्रमाणे प्रत्येकाला कारण विचारले. सगळ्यांनी एकच सांगितले, मी तेच लिहिले : वाचायला.

तपासणीचे साहेब आले, त्यांना संशय आला, आणि नेमके त्यांनी झिंगूला बोलावले (त्याची आणि अक्षराची गाठ कधी पडलेली नाही). इथे कशाला आला होतास, असे विचारले.

"वाचाले आलो होतो जी. आलो म्हणूनच वाचलो."

कोणते पुस्तक, असे साहेबांनी विचारले.

"सारीच जी. कपाट दाराले लावलं होतं."

साहेबांनी एकेचाळीस नावे लाल शाईने खोडली. महिनाअखेर कपाट न्यायला गाडी येणार आहे. मला फार लागले, नथ्थू. अस्वल गेल्यावरही कोणी उठले नव्हते. दुपारपर्यंत मी वाचत होतो आणि ते ऐकत होते. तुझ्या तीन लाख पुस्तकांनी एका सकाळी इतकी माणसे वाचवली असतील तर सांग. मी कपाट देणार नाही. तुझ्याकडून काहीही नको, तिथली जुनी पुस्तकेसुद्धा नकोत.

तुझा,
मनसारामदादा

ता. क. – तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे की तिथे हिवाळ्यात म्हातारे लोक उलटे वर्तमानपत्र धरून नळांपाशी ऊब घेत बसतात आणि त्यांना कोणी उठवत नाही. त्यांना वाचकांत धरतात का, विचार. धरत असतील तर तिथल्या ग्रंथपालांकडून शिक्क्याच्या कागदावर लिहून घे : थंडीपासून वाचायला आलेला माणूसही वाचकच. विमानाच्या टपालाने, महिनाअखेरच्या आत पाठव. या दोन्ही 'वाचण्यां'ना इंग्रजीत एकच शब्द नसेल तर ती त्या भाषेची अडचण, तू सांभाळून घे.

दुसरा ता. क. – काल झिंगूने आपले खोडलेले नाव कोणते ते विचारून घेतले. मग म्हणाला, "मले लिहाले शिकवा भाऊ. म्या लिहिलं तं तो कसा खोडते, पाहू." आज 'झिं' झाला आहे. उरलेले अक्षर गाडी येण्याच्या आत येईल.