भिंतीवरचा फोटो

दादा,

हे पत्र टाकणार नाही. डाव्या हाताचं अक्षर बघून तुला माझी दया यायला नको.

मार्शल आर्ट्सच्या अंतिम लढतीतला माझा फोटो तुझ्या जिममध्ये अजून आहे म्हणे. खाली लिहिलंय, "याने हार मानली नाही."

साफ खोटं! समोरच्या खेळाडूने माझा हात पिरगाळला तेव्हा मी मॅट थोपटून सुटका मागणारच होतो. तूच जाळीबाहेरून ओरडलास, "थोपटू नकोस, दहाच सेकंद उरलेत!" विजेत्याचा पट्टा मिळाला, कोपर गेलं. आज शर्टाची बटणं बायको लावते.

काल तुझी लेक आली होती. खेळता खेळता मी तिचा हात तसाच धरला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण थोपटेना. म्हणाली, "बाबा रागावतील."

शेवटी मीच सोडला.

फोटो उतरव.

तुझा धाकटा