तापाचे अकरा अर्ज

२ तारीख, सोमवार
देवापुढे साखर ठेवून आयुष्यातल्या पहिल्या नोकरीला निघाले. तीही परदेशात. भाषाशाळेत इंग्रजी शिकवणे, आठवड्यातून दोन दिवस. महिनाभर ट्रायल; वर्ग भरलेला राहिला तर कायम. मॅट्रिकला इंग्रजीत एकसष्ट होते, म्हणजे कायमच. मुलगा म्हणाला, आई, झेपेल ना? सुनेने परतीच्या बसचा नंबर लिहून दिला. तो का, ते मला कळलं.

४ तारीख, बुधवार
बारा विद्यार्थी, एकेक जण मुलाबाळांचा धनी. नर्स, बसड्रायव्हर, दोन न्हावी, एक खाटीक. खाटकाला लांब खिडकीशी बसवलं. माझं सोवळं आहे. यांना म्हणे दुकानात, दवाखान्यात बोलायचंय. म्हटलं, आधी पाया. आम्हाला शिकवलं तसंच: रजेचा अर्ज, उभं राहून, तोंडपाठ. झेरॉक्स एकही काढली नाही, शाळेचा तेवढाच खर्च वाचला. संचालकबाईंच्या लक्षात येईलच.

११ तारीख, बुधवार
'ताप आल्यामुळे वर्गास येऊ शकत नाही, तरी कृपा करून...' बाराही जण एका सुरात, इंग्रजीतून. शेजारच्या वर्गातली पोरगेली टीचर येऊन दार लावून गेली. जळते.

१६ तारीख, सोमवार, सकाळी १०
नर्सचा अर्ज आला. तापाचा. एकही चूक नाही. डोळे भरून आले.

१८ तारीख, बुधवार
आणखी सहा अर्ज. साथ दिसते. आजाऱ्यांसाठी एकेक माळ जपले. हे म्हणाले, अगं, ताप त्यांना नाही आला, ताप तू आहेस. यांचा दुसरा चहा बंद.

२३ तारीख, सोमवार
हजर एक, खाटीक. बाकी अकराजणांच्या अर्जांवर 'उत्तम' लिहून फाइल केली आणि संचालकबाईंना दाखवायला नेली. त्यांनी वाचली नाही. मला शेजारच्या वर्गाच्या काचेपाशी उभं केलं. आत अकराही जण, ठणठणीत. नर्स हसत होती. माझ्या वर्गात कधी हसली नाही, शिस्त होती. बाई म्हणाल्या, तुमचा वर्ग बंद करतोय. हवं तर इथे बसत जा, फी नाही.

घरी अजून सांगितलेलं नाही.

२५ तारीख, बुधवार
फुकटचं नाकारू नये. शिवाय त्या पोरीवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. रिकामी जागा एकच, खाटकाच्या शेजारी. तोही आता इथेच. बसले. देव बघून घेईल.

पोरीने मलाच पहिलं उठवलं. इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय करता?

सोपा प्रश्न. उत्तर मराठीत अगदी ओठांवर. इंग्रजीत नुसतं तोंड उघडं राहिलं. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग खाटकाने सावकाश, इंग्रजीतूनच सांगितलं, या आमच्या बाई आहेत, शिकवतात.

वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. खाली बसले.