उत्तर भिंतीवरचा चेहरा

मी, एनिड मार्गारेट टपहोम, कै. सिरिल टपहोम यांची पत्नी, वय ७१, शिक्षण मॅट्रिक, राहणार निदर होल्बी, परगणा लिंकनशायर, देवाला स्मरून व डोके ठिकाणावर असताना लिहिते की, याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर पुतण्या डेस्मंड यास. मागच्या दाराला नवे कुलूप घेऊ नये. दार जरा उचलून किल्ली फिरवली की जुनेच लागते.

२. पितळ घासायची पेटी व मी भरलेल्या गुडघे टेकायच्या सात उशा चर्चला. उशा उन्हात ठेवू नयेत, रंग विटतो.

३. चर्चच्या उत्तर भिंतीविषयी. दक्षिण दाराच्या गोल कमानीतून आत आले की समोर तीच भिंत. सहाशे वर्षांपूर्वी तिच्यावर संत ख्रिस्तोफर रंगवला होता, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. त्याचे तोंड पाहिले की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, म्हणून शेतावर निघालेली माणसे दारातूनच डोकावून जात. पुढे चर्चमध्ये संतांची चित्रे नकोत अशा राजाज्ञेने त्यावर चुना फासला गेला.

१९६३ साली ईस्टरच्या आधी चुन्याचे पापुद्रे सुटून खाली तांबूस डाग दिसू लागले. मी त्यांना ओलीची बुरशी समजले. त्या आठवड्याची साफसफाईची पाळी आयव्ही ब्लँचर्डची. तिची सफाई मला कधीच पटली नाही. म्हणून ती गेल्यावर मी सोड्याचे पाणी व काथ्याचा ब्रश घेऊन भिंत घासली. पाणी गेरूसारखे लाल झाले. मग एक डोळा दिसला, माझ्याकडे पाहणारा. तिथेच थांबले असते तर अर्धा चेहरा उरला असता. पण अर्धवट घासलेल्या भिंतीकडे बघून लोकांनी चौकशी केली असती. मी तो डोळाही घासला.

तज्ज्ञ आले, हळहळले. पाळीच्या कागदावर आयव्हीचे नाव होते. "मी भिंतीला हातसुद्धा लावला नाही," ती म्हणाली. तेव्हा सगळ्यांदेखत मीच म्हणाले, "मग काय संत ख्रिस्तोफरने आपणहून तोंड धुतलं?" लोक हसले. तेरा वर्षे झाली, आयव्ही आमच्या चर्चची पायरी चढलेली नाही. दर रविवारी बसने शेजारच्या गावच्या चर्चला जाते.

माझ्यामागे हे कलम चर्चमध्ये वाचावे, असे लिहून काल मी कागद आयव्हीकडे नेला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला.

"तू मेल्यावर होय? एनिड, मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. मी आधी गेले तर काय माझ्या थडग्याला वाचून दाखवणार?"

मी कागद उचलून घरी आले.

म्हणून 'माझ्यामागे वाचावे' ही ओळ रद्द. हे कलम उद्या सकाळच्या उपासनेत मी स्वतः उभी राहून वाचीन. न वाचल्यास चर्चच्या आवारात सिरिलशेजारी राखलेली माझी जागा दुसऱ्या कोणास द्यावी.

४. आयव्हीला काही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि ती म्हणाली, "तुझी किटलीबिटली नको मला. साक्षीला येते. आणि उद्या पहिल्या बाकावर बसेन, पुटपुटू नकोस."

दोघी साक्षीदारांसमक्ष सही केली.
निदर होल्बी, शनिवार, ९ ऑक्टोबर १९७६

(सही) एनिड एम. टपहोम

साक्षीदार:
१. आयव्ही ब्लँचर्ड
२. मॉड गॅरिक, पोस्टमास्तरीण