आम्ही त्यांची गोली पळवली

ता. ९ सप्टेंबर

प्रिय मामा,

माझा नमस्कार. आईचा नाही, कारण तू तिला फोन केला नाहीस म्हणून ती तुझ्यावर रुसली आहे. "लिही त्याला, बहीण मेली का जगली याची चौकशी तरी कर," असं तिनं सांगितलं आहे. लिहिलं.

बाकी घरी सगळं ठीक. बाबांनी स्वयंपाकघराला स्वतःच रंग द्यायला घेतला. आता भिंत पिवळी, खिडकी पिवळी, नळ पिवळा आणि धाकट्याचा एक कानही पिवळा. माझा अभ्यास छान चालू आहे (हे आईला विचारू नकोस). तुझी क्रेन काय म्हणते? बंदरावर वारा फार असेल तर वर चढू नकोस म्हणावं, असंही आईनंच सांगितलं आहे. रुसलेल्या माणसाचे निरोप फार असतात.

मी एरवी फोनवर तुझं डोकं खाते आणि आज पत्र लिहिते आहे, म्हणजे काहीतरी भानगड आहे हे तू ओळखलं असशील. आहे. सांगते. पण आधी मोठी बातमी ऐक: आम्ही टेकडीवरच्या शाळेच्या फुटबॉल टीमची गोली, म्हणजे गोलकीपर, पळवली!

तीच रे, मनी. नाव वेगळंच आहे, पण मांजरासारखी झेप घेते म्हणून सगळे मनीच म्हणतात. गेल्या वर्षी तिनं आमचे इतके गोल अडवले की आमची वकील (आमची डावी बॅक, वाद घालण्यात कुणाला हार जात नाही) मैदानातच ढसाढसा रडली होती. आणि पळवापळवी आम्ही सुरू केलेली नाही. नव्या बुटांचं आमिष दाखवून त्यांनी आमच्या दोघी आधीच नेल्या होत्या, तेव्हा त्यांनी साळसूदपणाचा आव आणायचं कारण नाही. आमच्या खेळाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "शाळा बदलायची की नाही ते त्या मुलीनं आणि तिच्या घरच्यांनी बघावं. मी काही ऐकलं नाही." सगळं नीट ऐकून घेऊन मग निघून गेले.

वकिलीणबाईंनी मला एक प्रश्न मात्र विचारला. "आपल्याला गोली कशाला हवी? तू आहेस की!"

मी म्हटलं, कॅप्टननं लांबचा विचार करायचा असतो. उद्या मला काही झालं तर? टीम आधी, मी नंतर. असं बरंच काही बोलले. तिला इतकं भरून आलं की तिनं मला मिठीच मारली. मी मारू दिली. मामा, त्या मिठीत मला जरा गुदमरल्यासारखं झालं, पण ते पुढे येईलच.

आम्ही दोघी मनीच्या घरी गेलो. खाली तिच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान आहे आणि वर घर. वडिलांनी चष्म्यावरून बघितलं. "मागणी घालायला आलात काय?"

"हो," वकील म्हणाली.

मग ती जी सुरू झाली! आमची शाळा घरापासून चालत जाण्यासारखी आहे, बस पकडायची कटकट नाही, आमच्या रसायनशास्त्राच्या बाई पेपरात हात सैल सोडतात, मैदानावर गवत आहे, खरंखुरं. वडिलांना बसचं पटलं. मनी जिन्यावर बसून पायाच्या अंगठ्यानं पायरी खरवडत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बघते."

आणि शाळा सुरू झाली त्याच दिवशी आमच्या सरावाला हजर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "आले आहे. पण एक अट आहे. मी गोलमध्ये उभी राहणार नाही."

वकिलीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. "अगं मग तुला आणली कशाला?"

"ते मला माहीत नाही. मला पळायचंय. लहानपणापासून सगळ्यांच्या पाठी बघतेय मी. कुणाची वेणी कशी आहे ते झोपेतही सांगेन. मला एकदा पुढं जायचंय."

मामा, मी मटकन गवतात बसले आणि हसत सुटले. थांबताच येईना. कारण ते शब्द माझे होते. मी तिला पळवून आणली होती ती स्वतः गोलमधून सुटायला.

(इथे मी पेन ठेवलं होतं. आज पुन्हा घेतलं. लिहून टाकते.)

तू मला अंगणात दोन बादल्यांच्या मध्ये उभी केलीस तेव्हा मी सात वर्षांची होते. तू जे शिकवलंस ते मला आवडतं, हे आधी लक्षात घे. अवघड चेंडू हातात चिकटतो तेव्हा जे वाटतं ते इतर कशातच नाही. पण आम्ही गोल केला ना, की सगळ्या तिकडे, लांबच्या टोकाला, एकमेकींच्या अंगावर पडतात. मी जीव खाऊन पळत जाते. मी पोचेपर्यंत सगळ्या पांगलेल्या असतात. कुणीतरी पाठीवर थाप मारतं आणि मी परत चालत येते. हे शाळेतलं माझं शेवटचं वर्ष आहे. मला एकदा त्या ढिगाऱ्यात असायचं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही.

सरांनी कपाळाला हात लावला. "दोन दोन गोली, आणि गोल रिकामा!" मग मनीनंच तोड काढली. पहिल्या हाफमध्ये मी गोलमध्ये आणि ती पुढे, दुसऱ्या हाफमध्ये उलट.

पहिलीच मॅच आली टेकडीवाल्यांशी. त्यांच्या मुली मनीशी बोलायलाही तयार नव्हत्या. ती दावं सुटलेल्या वासरासारखी मैदानभर पळाली, चेंडू असो वा नसो. हाफ टाइमला आम्ही कपडे बदलायच्या खोलीत जर्सी अदलाबदल केल्या. तिची मला इतकी घट्ट की हात वर होईनात. आणि मी पुढे गेले.

आता हसू नकोस. त्यांच्या गोलसमोर मी एकटी, वरून चेंडू आला, आणि मी तो झेलला. दोन्ही हातांनी! छातीशी घेतला आणि तू शिकवलंस तशी त्यावर आडवीसुद्धा पडले. शिट्टी वाजली. सगळं मैदान हसायला लागलं. त्यांची नवी गोली हसून हसून खाली बसली. त्यांच्या कॅप्टननं लांबवर उभ्या मनीला ओरडून विचारलं, "काय गं, अशी माणसं आहेत का तिकडं?" त्यानंतर त्या तिच्याशी बोलायला लागल्या.

आणि शेवटी शेवटी माझा गोल झाला. पायानं नाही, गुडघ्यानं, तोही मला कळायच्या आत. सगळ्या माझ्यावर पडल्या. नाकात माती, कुणाचं तरी कोपर पोटात, इतकं सुख! पण मी खालून ओरडत होते, "उठू नका गं! गोली येतेय!" कुणी उठलं नाही. मनी अख्खं मैदान पळत आली आणि सगळ्यात वर पडली. रेफ्री शिट्ट्या मारून दमला.

तर ही भानगड. फायनल पुढच्या शनिवारी आहे, आणि तू पाळी बदलून येतो आहेस, असा बाबांना तुझा निरोप आला. म्हणून घाईनं लिहिलं. हाफ टाइमला मी ग्लोव्हज मनीला देताना तुला एकदम दिसावं, असं मला नको होतं. रागावणार असशील तर रागाव, पण ये.

आणखी एक. तू नेहमी माझ्या गोलच्या मागे उभा राहून पुटपुटत असतोस, आणि टोकं बदलली की माझ्यामागोमाग पलीकडे चालत येतोस. मला पाठीला कळतं तू आहेस ते. यावेळी हाफ टाइमला हलू नकोस. आहेस तिथंच थांब.

दुसऱ्या हाफमध्ये मी तुझ्याकडे तोंड करून पळत येणार आहे.

तुझी,
भाची