आजी पुलाच्या मध्यावर थांबते

३ मार्च, रविवार
ठरलं. आजीच्या सगळ्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या. आपण मुळात या गावात आलो कसे, हे तिच्याखेरीज आता कुणालाच माहीत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, मी तेव्हा सहा महिन्यांचा होतो, मला काय विचारतोस? या घरात इतिहासाची जाण फक्त मला आहे. माइक ऑर्डर केला.

९ मार्च
माइक आला. मुंगी शिंकली तरी पकडेल. आजीला विचारलं, कधी सुरू करू या? ती म्हणाली, आत्ता. म्हाताऱ्या माणसांना प्लॅनिंगचं महत्त्व कळत नाही.

१७ मार्च, दुपार
पहिलं सेशन. खिडक्या बंद, पंखा बंद, कुकरला बंदी. आई धुसफुसली. आजी मात्र छान रंगली. पूर आलेला, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेले, आजोबा पुढे ट्रंक घेऊन, ही मागे बाबांना कडेवर घेऊन. पुलाच्या मध्यावर आलो तर एक माणूस वाट अडवून उभा, इथवर सांगत आली आणि थांबली. रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. तिने थोडी वाट पाहिली आणि म्हणाली, दमलास वाटतं, जा, पड जरा. दमली ती आणि नाव माझं!

२४ मार्च
पुन्हा पूर, पुन्हा पूल, पुन्हा तोच माणूस, पुन्हा फुलस्टॉप. वय, दुसरं काय. स्मरणशक्तीसाठी बदाम आणून दिले. तिला दात नाहीत हे नंतर लक्षात आलं. मीच खाल्ले.

२८ मार्च
ऑफिसात ‘ऐकण्याची कला’ या विषयावर वर्कशॉप. सर्टिफिकेट मिळालं. शेजारचा अकाउंटंट सारखा बोलत होता, त्याला मिळालं नाही. आजीला दाखवलं. तिला हल्ली नीट दिसत नाही, तरी हात फिरवून म्हणाली, कागद जाड आहे.

७ एप्रिल, रविवार
तिसऱ्यांदा पूल. तिसऱ्यांदा ब्रेक. वैतागून आईला म्हटलं, आजीची मेमरी गेली. आई उखडलीच. म्हणाली, अरे गाढवा, हुंकार कोण देणार? समोरून ‘हं’ आलं की आजी पुढे सांगते. नाही आलं, की तिला वाटतं पोर झोपलं. तुझे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे तिला दिसतंय थोडंच!
म्हणजे प्रॉब्लेम निव्वळ टेक्निकल होता. पण माझे ‘हं’ रेकॉर्डिंगमध्ये येणार, ते नंतर काढायचे कसे? त्याचं सॉफ्टवेअर शोधतो. मग एका बैठकीत काम फत्ते.

१४ एप्रिल, रविवार
सॉफ्टवेअर डाउनलोड होत होतं. आजीने दोनदा विचारलं, आज नाही का बसायचं? पुढच्या रविवारी नक्की, म्हणून सांगितलं. पाया पक्का हवा.

१९ एप्रिल
सकाळी आजीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समजेल सगळं, बोलणं परत यायची आशा ठेवू नका. आत्या रडली. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी ऑफिसला कळवलं, पार्किंगची पावती खिशात नीट ठेवली. काही वाटत नाही. वाटायला हवं.

२ मे
आजीला घरी आणलं. सॉफ्टवेअर उत्तम चालतंय. आवाजातला बारीकसारीक कचरा सहज काढता येतो.

५ मे, रविवार, दुपार
आजीजवळ बसलो. माइक नेला नाही. बोलायला काही सुचेना, म्हणून तिचीच गोष्ट तिला सांगायला लागलो. पूर आला. तिच्या घशातून आवाज आला, हं. तुम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालात. हं. आजोबा पुढे, तू मागे, बाबा कडेवर. हं. पुलाच्या मध्यावर एक माणूस वाट अडवून उभा होता.
हं, म्हणाली.
पुढचं मला माहीत नाही. ती पुन्हा एकदा म्हणाली, हं. बराच वेळ वाट पाहिली तिने. मग डाव्या हाताने चाचपडत आपल्या अंगावरची चादर ओढली आणि माझ्या गुडघ्यांवर घातली.